कीबोर्डच्या कळा आणि मनगटाच्या कळा

सिल्लोड तालुक्यातील एका वाचकांनी पत्राने विचारले आहे की, त्यांची मुलगी छत्रपती संभाजीनगरात राहून लिपिक-टंकलेखक पदाच्या परीक्षेची तयारी करते. मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांचा वेग हवा, म्हणून रोज तीन-चार तास टंकलेखनाचा सराव चालतो. महिनाभरापासून तिचे मनगट दुखते, बोटांना मुंग्या येतात. दुकानदाराने ‘मेकॅनिकल कीबोर्ड घ्या, त्रास जाईल’ असे सांगून तीन हजारांची वस्तू दाखवली. ती घ्यावी काय?

उत्तर आधीच सांगून टाकतो. तीन हजार रुपये तूर्त खिशातच असू द्यावेत आणि प्रथम मुलीच्या टेबलाची उंची मोजावी.

आपल्याकडे लिहिण्याचे टेबल साधारण ३० इंच उंच असते. खुर्चीची बैठक १८ इंचांवर असते आणि तिच्यावर बसलेल्या मध्यम बांध्याच्या व्यक्तीचे कोपर बैठकीपासून आणखी आठ-नऊ इंच वर, म्हणजे जमिनीपासून २६-२७ इंचांवर येते. कीबोर्डची जाडी न धरताही बोटे कोपरापेक्षा तीन-चार इंच उंचावर काम करतात. मग खांदे वर उचलले जातात आणि मनगट मागच्या बाजूला वाकते. पुष्कळजण कीबोर्डच्या मागचे दोन पाय उघडून तो तिरका करतात, त्यामुळे मनगट आणखीच वाकते. ते पाय मिटवून ठेवावेत. टेबल कापता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी घेऊन बसावे आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट किंवा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवावा. कोपर काटकोनात, मनगट हाताच्या सरळ रेषेत आणि बोटे अलगद खाली, अशी बैठक जमली की निम्मी तक्रार पैसा न खर्चता कमी होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मनगट वाकल्याने बिघडते काय, हेही पाहू. मनगटात हाडे आणि त्यांवरील एक जाड पट्टा यांनी बनलेला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुरज्जू आणि एक महत्त्वाची नस जाते. मनगट वाकलेले राहिले की त्या बोगद्यातला दाब वाढतो. नस दबली तर अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि हा त्रास बहुधा रात्री वाढतो. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. केवळ टंकलेखनानेच हा विकार होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गर्भारपण यांतही तो आढळतो. मात्र करंगळीलाच मुंग्या येत असतील तर नस वेगळी असते. तिच्यावर बऱ्याचदा कोपरापाशी दाब येतो, आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसण्याची सवय त्यामागे असू शकते.

जुने लोक म्हणतील, आम्ही लोखंडी टाइपरायटरवर आयुष्य काढले, आमचे हात नाही दुखले. या शहरात १९८१ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, आणि अर्ज-दाव्यांचे कागद टंकलिखित करण्यावर कितीतरी कुटुंबे जगली. त्या यंत्राची कळ जोरात ठोकावी लागे हे खरे. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी डावा हात उचलून दांडी सरकवावी लागे, पान संपले की कागद-कार्बन बदलावे लागत. हाताला विश्रांती आपोआप मिळे. गोदरेजने १९५५ पासून बनवलेली ती यंत्रे २००९ च्या सुमारास बनायची थांबली. कीबोर्ड हलका आला, पण ही सक्तीची विश्रांती गेली. शिवाय टाइपरायटरवर शिकलेला हात कीबोर्डवरही तसाच ठोके मारतो. ठोकण्याची गरज नसते, हे त्याला शिकवावे लागते.

आता प्रकारांकडे वळू. दुकानात मिळणारा तीन-चारशे रुपयांपासूनचा साधा कीबोर्ड रबरी पडद्याचा असतो. प्रत्येक कळीखाली रबराचा लहानसा घुमट असतो आणि तो पूर्ण तळापर्यंत दाबावा लागतो. नवा असताना तो मऊ चालतो. वापराने काही कळा कडक, काही सैल होतात, आणि बोटे नकळत जास्त जोर लावू लागतात. संगणक केंद्रांतले जुने कीबोर्ड असेच झालेले असतात. तेथे सराव करणाऱ्याने जागा बदलून मागण्यात संकोच करू नये.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर निम्म्या वाटेवरच उमटते. हलके टंकलेखन शिकणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. ठोकणाऱ्याला काहीच नाही. तो टिकतो पुष्कळ, मात्र काही प्रकार टिकटिक आवाज करतात. अभ्यासिकेत किंवा एकाच खोलीत चौघी राहत असतील तर मैत्रिणींशी भांडण ठरलेले. उंचीलाही तो बहुधा जास्त असतो, म्हणजे उंच टेबलावर मनगट अधिकच वाकणार. सिल्लोडच्या वाचकांना मी थांबायला सांगतो, ते यासाठी.

लॅपटॉपचा कीबोर्ड चपटा आणि हलका असतो. दोष त्याचा नाही. पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात हा खरा दोष. कळा योग्य उंचीवर ठेवल्या की मान खाली जाते, पडदा वर घेतला की हात वर जातात. यावर सोपा उपाय असा: लॅपटॉप पुस्तकांवर उंच ठेवावा आणि साधा कीबोर्ड जोडून तो खाली वापरावा. पलंगावर मांडी घालून सराव मुळीच करू नये.

मधोमध दुभंगलेले, दोन्ही हातांना तिरके बसणारे कीबोर्डही असतात. मायक्रोसॉफ्टने असा एक १९९४ साली बाजारात आणला होता. यात मनगट करंगळीच्या बाजूला वळत नाही, हा गुण खरा. पण ते महाग असतात, सवय व्हायला आठवडे जातात, आणि परीक्षा केंद्रावर तसा कीबोर्ड मिळण्याची आशा धरू नये. ज्याला वर्षानुवर्षे टंकलेखनच करायचे आहे त्याने त्याचा विचार करावा.

उजवीकडील अंकांचा भाग हवा की नको, हे कामावरून ठरवावे. पतसंस्थेत किंवा अडत दुकानात आकडे भरणाऱ्याला तो हवाच. फक्त मजकूर टंकणाऱ्याला नको, कारण त्याच्यामुळे माउस दूर जातो आणि उजवा खांदा दिवसभर ताणलेला राहतो.

मराठीसाठी आणखी एक निवड असते, अक्षरांच्या मांडणीची. रेमिंग्टन मांडणी टाइपरायटरवरून आली. तिच्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागते. इनस्क्रिप्ट ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केली. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर असतात, ‘ख’साठी शिफ्ट दाबायची. दोन्ही हात आलटून पालटून चालतात, म्हणून नव्याने शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्ट सुचवीन. परंतु ज्या परीक्षेला बसायचे तिच्यात कोणती मांडणी चालते, हे सूचनापत्रकात वाचूनच ठरवावे. सहा महिने एका मांडणीत घालवून नंतर दुसरी शिकणे हाताला आणि मनाला, दोघांनाही जड जाते. मांडणी कोणतीही असो, शिफ्ट दाबताना एकाच हाताची करंगळी ताणू नये. अक्षर उजव्या हाताचे असेल तर शिफ्ट डाव्या हाताने दाबावी. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या की मान सतत खाली राहते. त्यापेक्षा अक्षरांचा तक्ता पडद्याशेजारी डोळ्यांच्या उंचीवर लावावा.

विकत घेताना डबा बंद ठेवून पैसे देऊ नयेत. कीबोर्ड दुकानातच जोडून पाच मिनिटे टंकून पाहावे. लांब स्पेसबार दोन्ही टोकांना सारखा दबतो का, शिफ्ट करंगळीने सहज दबते का, कळ अडकते का, हे पाहावे. परीक्षार्थीने साधा, पूर्ण आकाराचा, पातळ कीबोर्ड घ्यावा, म्हणजे केंद्रावरचा कीबोर्ड परका वाटणार नाही.

सराव अर्ध्या अर्ध्या तासाचा करावा. मध्ये दोन-तीन मिनिटे उठून हात सैल सोडावेत. दुखत असताना वेग वाढवण्याचा हट्ट आठ-दहा दिवस बाजूला ठेवावा.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, रात्री हात झटकत जाग येऊ लागली, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट दिसू लागला, तर घाटी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात किंवा जवळच्या तज्ज्ञांना हात दाखवावा. नसेची तपासणी करून दाब किती आहे ते समजते, आणि सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधूनही पुष्कळांना आराम पडतो. बाजारातून स्वतःच आणलेली पट्टी दिवसभर आवळून टंकलेखन करू नये. डॉक्टरांकडे जाताना साखर व थायरॉइडचे जुने रिपोर्ट असतील तर ते सोबत न्यावेत.