शरीर आखडतं तेव्हा

लग्नाला वर्ष झालं तरी सुनेला नवऱ्याचा स्पर्श सोसत नसेल, तर शिनोलीतच काय, कुठल्याही गावात दोनच तर्क निघतात: पोरीचं मन दुसरीकडे आहे, नाहीतर तिच्यात खोट आहे. पूर्वी तिच्यावर जबरदस्ती झाली असेल, ही शंका कुणी बोलून दाखवत नाही.

2001 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्त्रियांना चित्रफिती दाखवून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताण मोजला. भीतीचं दृश्य आलं की ते आवळत. त्यात लैंगिक काही नसलं तरी. खांद्याचे स्नायूही तसेच. संबंधांच्या वेळी अंग आखडण्याचा त्रास असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत हेच दिसलं. म्हणजे हे आवळणं शरीराचा बचाव आहे. अत्याचारानंतर मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डला, पुढेही सावध राहू शकतो. मग एखादा वास किंवा मानेवरचा श्वासही पुरतो. माणूस प्रेमाचा असला तरी अंग आखडतं, दुखतं, इच्छा विझते. काहींना आपण तिथे नाहीच असं वाटतं. प्रत्येकीला हे होतंच असंही नाही.

अत्याचाराच्या क्षणी कित्येकींना हलताच येत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोममधल्या अभ्यासात 298 स्त्रियांपैकी 70 टक्के जणींनी असं थिजणं सांगितलं. सहा महिन्यांनी आघातोत्तर ताण आणि नैराश्य त्यांच्यातच जास्त आढळलं. आपल्याकडे 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, हा त्यातला मोठा आधार होता. देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. घरातला निवाडा मात्र अजून तसाच: ओरडली नाहीस, मग तक्रार कसली? अत्याचार लग्नातलाही असतो. सज्ञान बायकोच्या बाबतीत कायदा नवऱ्याला बलात्काराच्या कलमातून सूट देतो. तिचं शरीर देत नाही.

उपचार आहेत: आघातावरचं समुपदेशन, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, आणि ती 'थांब' म्हणाली की थांबणारा नवरा. भगताकडे नेऊन किंवा 'सहन कर' सांगून भीती वाढतेच.

शिनोलीहून घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. हा त्रास न बोलता कंबरदुखी सांगत येणाऱ्या बाईला तिथे एकटीला बसवून, सासूला बाहेर थांबवून विचारावं. अत्याचारपीडितेवर मोफत प्रथमोपचार करणं 2013 पासून सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक मोफत आहे; महिलांसाठी 181.