व्यायाम किती वेळ करावा? : तालमीची संख्या आणि घड्याळाचा तास

शक्तिवर्धक व्यायामास रोज किती वेळ द्यावा, हा प्रश्न आज शहराइतकाच खेड्यातही विचारला जातो. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे घाटाखालचे जुने गाव. १४३७ साली येथे बहामनी सेनापती मलिक-उत-तुज्जार याने खानदेशच्या नासीरखान फारुकीचा पराभव केला, म्हणून इतिहासाच्या वाचकास ते परिचित असते. अशा गावातील जो तरुण आज पोलीस भरतीची तयारी करतो, त्याच्यापुढे १६०० मीटरांची धाव, १०० मीटरांची धाव आणि गोळाफेक अशी परीक्षा उभी असते. गोळा फेकण्यास नुसता दम पुरत नाही, बळ लागते. आणि ते बळ शेतातले काम उरकल्यावर उरलेल्या वेळात कमवावे लागते. त्याच्या दृष्टीने ‘किती वेळ’ हा हौसेचा प्रश्न नव्हे. व्यायाम कमी पडला तर गुण जातात, अति झाला तर अंग आखडून दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते.

तालमीच्या बोलीत मात्र हा प्रश्न या रूपात सहसा आढळत नाही. तेथे विचारतात ते ‘जोर किती मारतोस?’ किंवा ‘बैठका कितीवर गेल्या?’ असे. ‘जोर’ हा शब्द मूळ फारसी. त्याचा अर्थ बळ. मराठीने त्यास एका ठरावीक हालचालीचे नाव केले आणि जे मोजता येत नाही ते शेकड्यांनी मोजण्याजोगे केले. ‘कसरत’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. अरबीत त्याचा अर्थ विपुलता, पुष्कळपणा. पुष्कळ वेळा करणे यावरून तो शरीरश्रमाकडे वळला. म्हणजे व्यायामाच्या या नावातच आवृत्ती गृहीत आहे. ‘तालीम’ हा शब्दही अरबी; मूळ अर्थ शिक्षण. मराठीत तो शिक्षणाच्या जागेस, पुढे त्या वास्तूसच लागला. संस्कृत ‘व्यायाम’ शब्दात ताणण्याचा, पसरण्याचा भाव आहे. यांपैकी एकाही शब्दात काळाचे माप नाही.

मराठीजवळ काळाची मापे नव्हती असे नाही. २४ मिनिटांची घटका, ३ तासांचा प्रहर ही मापे नित्याच्या बोलण्यात होती. परंतु ‘घटकाभर’ हा शब्द सहजपणे जोडला जातो तो टेकण्याशी, विसाव्याशी. घटकाभर बसतात, घटकाभर पडतात. जोर मात्र शंभर मारतात. श्रम संख्येने आणि विश्रांती काळाने मोजण्याची ही बोलीतील वाटणी कोणी ठरवून केलेली नाही. तथापि आधुनिक व्यायामशास्त्राशी ती आश्चर्य वाटावे इतकी जुळते.

ते कसे, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. सहा प्रकारचे व्यायाम, प्रत्येकाचे तीन फेर, प्रत्येक फेरात दहा आवर्तने असा सर्वसाधारण क्रम घेऊ. एका फेरास सुमारे ४० सेकंद लागतात. अठरा फेरांचे मिळून १२ मिनिटे झाली. स्नायूंनी प्रत्यक्ष काम केले ते एवढेच. दोन फेरांमध्ये २ मिनिटे विसावा घेतल्यास मधल्या सतरा विसाव्यांची ३४ मिनिटे होतात. अंग मोकळे करण्याची आठ-दहा मिनिटे धरली तरी सारा व्यायाम तासाच्या आत आटोपतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग विश्रांतीचा असतो. ‘किती वेळ’ या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने बव्हंशी ‘विसावा किती’ या प्रश्नात दडलेले आहे.

हा विसावा घाईने छाटावा काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाची सवय असलेल्या तरुणांचे दोन गट करून आठ आठवडे एकास फेरांमध्ये १ मिनिट व दुसऱ्यास ३ मिनिटे विश्रांती देण्यात आली. अधिक विश्रांती घेणाऱ्यांचे बळ अधिक वाढले. घाम जास्त गाळणारा जास्त कमावतो हा समज या ठिकाणी टिकत नाही. वेळच तोकडा असेल तर त्यावर उपाय तालमीतच आहे. जोरांमध्ये मुख्य भार छाती व दंडावर, बैठकांमध्ये मांड्यांवर. ते आळीपाळीने केल्यास एका अंगाचे काम चालू असता दुसऱ्यास विसावा मिळतो. वेळ वाचवण्यासाठी आजचे संशोधकही हीच युक्ती सुचवतात.

संख्येच्या मापास स्वतःचा एक धोका आहे, तो दृष्टीआड करता येत नाही. संख्या मिरवता येते. गामा पहिलवान रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढी, असे सर्वत्र सांगितले जाते. बैठकेस २ सेकंद आणि जोरास ३ सेकंद धरले तर न थांबता सव्वापाच तास होतात. गामाचा निर्वाह कुस्तीवर होता, त्यास पतियाळा दरबाराचा आश्रय होता, आणि खुराक व मालिश हा त्याच्या दिनक्रमाचा भाग होता. लोकांच्या तोंडी आकडा तेवढा राहिला, दरबार राहिला नाही. सवय नसताना ईर्षेने एकाएकी शेकडो बैठका काढणाऱ्या तरुणांचे स्नायुतंतू फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरल्याच्या, लघवी चहाच्या रंगाची होऊन मूत्रपिंडास इजा पोचल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. असे लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ दवाखाना गाठणे अगत्याचे आहे.

म्हणूनच आयुर्वेदाने संख्या व काळ या दोहोंपलीकडचे तिसरे माप सांगितले, ते अधिक विचारार्ह वाटते. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगतात. अर्धी शक्ती ओळखावी कशी? सुश्रुताच्या मते हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की ती मर्यादा गाठली असे समजावे. मराठीतील ‘दम लागणे’ तो हाच. हे माप प्रत्येकाच्या देहाप्रमाणे बदलते, हा त्याचा गुण. बळ वाढवण्यासाठी प्रत्येक फेर हात टेकेपर्यंत ओढण्याची गरज नाही, दोन-तीन आवर्तने शिल्लक ठेवूनही जवळपास तेवढेच बळ येते, हे अलीकडच्या अभ्यासांतूनही दिसून आले आहे. अर्थात सुश्रुताची अर्धी शक्ती आणि प्रयोगशाळेतील ही शिल्लक एकच आहेत, असे म्हणणे उतावळेपणाचे होईल.

व्यायामाचे प्रमाण कमी करीत नेण्याचा अनुभव पाश्चात्यांनाही आला. अमेरिकन लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ साली दहा आवर्तनांचे सात ते दहा फेर सांगितले होते. १९४८ पर्यंत ते तीनवर आले. २०२१ मधील एका समीक्षेनुसार वेळ कमी असणाऱ्यास प्रत्येक स्नायुगटासाठी आठवड्यास चार फेरही उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचवते. २०२२ साली जपानी संशोधकांनी अनेक पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा आठवड्यास ३० ते ६० मिनिटे शक्तिव्यायाम करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. हा केवळ सहसंबंध आहे. शिवाय गोळाफेकीचे गुण हा त्या पाहण्यांचा विषय नव्हता.

मग घड्याळाचा तास मराठी व्यायामात शिरला कोठून? याचा माग ‘जिम लावली’ या प्रयोगात लागतो. आपण शिकवणी लावतो, खानावळ लावतो, दूध लावतो. महिन्याच्या पैशांनी बांधलेल्या सेवेस हे क्रियापद लागते. तालीम कोणी ‘लावत’ नसे, तालमीत ‘जात’ असे. पैसे देऊन लावलेल्या गोष्टीस बॅच आली आणि बॅचबरोबर तास आला. पाऊण तासानंतर व्यायाम केल्यास शरीरातील पोषक स्राव घटून कमावलेले बळ जाते, असा एक समज या जिममधून पसरला आहे. व्यायामानंतर स्रावांत होणारे अल्पकालीन चढउतार स्नायूंची वाढ ठरवीत नाहीत, असे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसून आले आहे. पाऊण तास पुष्कळांस पुरतो, पण तो वरील हिशेबामुळे.

शेतकऱ्याच्या मुलास आणखी एक शब्द जमेस धरावा लागतो. ‘मेहनत’ हा शब्द तालमीतही आहे आणि शेतातही. ‘मशागत’ या शब्दाच्या मुळाशीही कष्टच आहेत. दिवसभर कापूस वेचून वाकलेल्या कमरेने संध्याकाळी शंभर बैठका काढणे, ही दोन खात्यांची एकाच दिवशी केलेली वसुली होय. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा-पाऊण तास आणि रान मोकळे झाल्यावर अधिक, ही वाटणी देहास सोसणारी आहे. वाग्भटाने अर्ध्या शक्तीची मुभा दिली तीही थंडीत आणि वसंतात, तीही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यास. इतर ऋतूंत त्याहून कमीच. घाटाखाली पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा फेर कमी करावेत, विसावा वाढवावा, आणि जे करायचे ते उन्हे चढण्यापूर्वी उरकावे.