एक वाघ, चार आज्ञावल्या

अशी कल्पना करा की, चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीच्या जंगलात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून रात्री दोन वाजता एक वाघ गेला. काही दिवसांनी तोच वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात वडशाच्या जंगलात शिरला. तेथील कॅमेऱ्यानेही त्याचा फोटो टिपला. नदीच्या दोन्ही तीरांवर याद्या वेगवेगळ्या ठेवल्या, तर वाघ किती झाले? एक की दोन?

हा प्रश्न पोरखेळ नव्हे. पूर्वी वाघांची गणना पाऊलठशांवरून होत असे. ठशावर काच धरून त्याची आकृती उतरवून घेत. पण एकाच वाघाचा ठसा मऊ मातीत वेगळा आणि वाळूत वेगळा उमटतो. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरलेला नाही, हे 2005 साली उघड झाले, तेव्हा गणनेची पद्धतच बदलण्याची गरज सर्वांना पटली. 2006 पासून दर चार वर्षांनी होणारी देशव्यापी गणना कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे होते.

2018 च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी 3 कोटी 48 लाखांहून अधिक फोटो काढले. त्यांतले वाघाचे किती? फक्त 76,651. बाकीचे चितळ, सांबर, रानडुकरे, गुरे, माणसे! सेकंदाला एक फोटो या वेगाने एखादा माणूस रोज आठ तास बसला, तर सुटी न घेता त्याला सव्वातीन वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे पुढची गणना दाराशी येऊन ठेपेल!

तेव्हा हे काम संगणकाकडे गेले. पण त्यासाठी एकच अवाढव्य आज्ञावली लिहिली गेली नाही. कामाचे वेगवेगळे घटक पाडले गेले. संगणकाच्या भाषेत त्यांना मॉड्यूल म्हणतात. ‘एम-स्ट्राइप्स’ हे मोबाइलवरचे ॲप वनरक्षकाच्या हाती असते. त्यात तो पाऊलखुणा, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे जागेसह नोंदवतो. जंगलात नेटवर्क नसले तरी ते चालते. ‘कॅट्रॅट’ ही आज्ञावली फोटो पाहून त्यात कोणता प्राणी आहे ते ठरवते व फोटो वेगळे करते. ‘एक्स्ट्रॅक्ट कंपेअर’ वाघाच्या पट्ट्यांची नक्षी दुसऱ्या फोटोंशी ताडून पाहते; आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. चौथा घटक संख्याशास्त्राचा. कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचा अंदाज तो बांधतो.

तुम्ही म्हणाल, तुकडे पाडायचे कोठे? माझ्या मते, जेथे कामाचा स्वभाव बदलतो तेथे. प्राणी ओळखण्याची नवी रीत उद्या निघाली, तर फक्त दुसरा घटक बदलावा. वनरक्षकाच्या मोबाइलला त्याचा पत्ताही लागू नये. त्यासाठी एका घटकाने दुसऱ्याला काय द्यायचे, हे मात्र आधी पक्के ठरवावे लागते. फोटो, कॅमेऱ्याचा क्रमांक, जागा, तारीख, वेळ, बस्स. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची असेल तर आपण दारात उभे राहून मागतो. तिच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडत नाही. तसेच हे!

अनेक घटकांची वेब ॲप्लिकेशनही याच रीतीने रचतात. नकाशा दाखवणारा घटक वेगळा, अहवाल करणारा वेगळा, कोणाला आत सोडायचे ते पाहणारा वेगळा. येथे नवखा माणूस एक चूक हमखास करतो: तो प्रत्येक घटकाला गावांची स्वतंत्र यादी देतो. ताडोब्याच्या एका प्रवेशद्वाराजवळचे गाव कोणी ‘मोहर्ली’ लिहितो, कोणी ‘मोहुर्ली’. तुम्हाआम्हाला ते एकच, पण संगणकाच्या लेखी ती दोन गावे! म्हणून गावांची यादी एकाच जागी ठेवावी, प्रत्येक गावाला क्रमांक द्यावा आणि सर्व घटकांनी तेथूनच वाचावे.

घटक वेगळे केले म्हणजे सर्व दुखणी संपली, असे मात्र नाही. वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टे एकसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकाच जागी, एकाच वेळी आलेले दोन फोटो, म्हणजे एकाच वाघाच्या दोन कुशी. आता त्यांतल्या एका कॅमेऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असले तर? पुढचा प्रत्येक घटक आपले काम अचूक करील, आणि तरीही डावी कूस एका वाघाची व उजवी कूस दुसऱ्याची ठरण्याचा धोका राहील. अशी चूक कोणत्याही एका घटकात शोधून सापडत नाही. त्यासाठी आधीच माहीत असलेल्या वाघाचे फोटो पहिल्या घटकापासून शेवटच्यापर्यंत पाठवून उत्तर बरोबर येते का ते पाहावे लागते.

आता वैनगंगेकडे परत येऊ. दोन्ही तीरांवरचे फोटो एकाच नमुन्यात नोंदले गेले आणि वाघांच्या फोटोंच्या देशभराच्या एकाच संग्रहाशी ताडले गेले, तर पट्टे जुळतात आणि वाघ एकच ठरतो. 2018 साली अशा रीतीने 2,461 वाघ एकेक करून ओळखले गेले. देशातील एकूण वाघांचा अंदाज मात्र 2,967 निघाला. मधले 506 वाघ कोणत्याच कॅमेऱ्याने पाहिले नव्हते. ते चौथ्या घटकाने दिले.