मागच्या रांगेतला थोरला भाऊ

मंडळी, रेडिओवर जुने सिनेमाचे गाणे लागले की आपले सगळे कान गाणाऱ्याच्या गळ्याकडे. आज एक करून बघा. गळा सोडा, बासरी सोडा, आणि अगदी तळाशी जे ‘धुम् धुम्’ चाललेले असते तिकडे लक्ष द्या. पुष्कळ गाण्यांत तो आवाज डबल बेसचा असतो. हे वाद्य म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. उंची माणसाएवढी, कधी जास्तच. वाजवणारा त्याला उभा धरून, शेजारी उभा राहून नाहीतर उंच स्टुलावर टेकून वाजवतो.

आपल्या डग्ग्यासारखेच याचे नशीब. नसला तर गाणे पोकळ लागते, असला तर कुणी विचारत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात याने पिढ्यान्‌पिढ्या मागे राहून इतरांना आधार दिला. याने पुढे येऊन एकट्याने वाजवावे असे फार थोड्यांनी लिहिले.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले एडगर मेयर यांना हे मान्य नव्हते. त्यांचा जन्म १९६० चा. वडील ओक रिज गावच्या सरकारी शाळांतून मुलांना तंतुवाद्ये शिकवीत आणि स्वतः डबल बेस वाजवीत. मुलाने पाचव्या वर्षी तोच धरला. बापाचा नांगर पोराने धरावा, तसेच हे.

हे काम किती जड, तेही पाहा. व्हायोलिनची वाजती तार सुमारे ३३ सेंटीमीटर, डबल बेसची शंभराच्या वर. तार लांब, म्हणून दोन सुरांतले अंतरही लांब. व्हायोलिनवाला जागच्या जागी बोटे टेकून जे काढतो, त्यासाठी याला सबंध हात तारेवर पळवावा लागतो. सतारीसारखे पडदेही नाहीत. हात जरा चुकला की सूर गेला! एवढे असून मेयर यांनी बाख यांच्या, मुळात चेलोसाठी लिहिलेल्या रचना १७६९ साली बनलेल्या आपल्या बेसवर वाजवल्या. ती ध्वनिमुद्रिका २००० साली निघाली.

पण दुसऱ्याच्या वावरात किती राबायचे? आपल्या वाद्यासाठी त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. १९९३ साली बेस आणि वाद्यवृंद यांच्यासाठी मोठी रचना झाली, १९९५ साली बेस आणि चेलो यांची जोडी. पुढे व्हायोलिनसाठीही लिहिले. २००० सालचे एव्हरी फिशर पारितोषिक मिळाले, तेही बेस वाजवणाऱ्याला प्रथमच.

शास्त्रीय संगीताइतकाच त्यांचा जीव ब्लूग्रासवर. त्या मुलखातल्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यांच्या ओसरीवर जे वाजे, त्यातून वाढलेले हे संगीत. त्यात बँजो असतो. (आपल्या मिरवणुकीतला बेंजो वेगळा, बरं का. याच्या गोल चौकटीवर पातळ पडदा ताणलेला असतो.) बँजोवादक बेला फ्लेक हे त्यांचे जुने सोबती. या दोघांना २००६ साली नॅशव्हिलच्या नव्या सभागृहासाठी तिघांची रचना करायची होती. तिसरे आले आपल्या मुंबईचे उस्ताद झाकिर हुसेन. बँजो, बेस, तबला आणि मागे सबंध वाद्यवृंद! नेहमी मागे असणारा बेस पुढे बसला होता.

मग राकेश चौरसिया यांची बासरी येऊन मिळाली. २०२३ साली चौघांची ‘ॲज वुई स्पीक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिरभाई गेले.

ती ऐकायची असेल, तर घरातल्या मुलांना मोबाईलवर शोधायला सांगा. पण मोबाईलच्या आवाजावर भागवू नका. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंपते, तो सूर त्या इवल्या स्पीकरमधून निघतच नाही. भजनी मंडळाचा मोठा स्पीकर तासभर मागून आणा. मग डग्गा आणि बेस एकमेकांशी काय बोलतात ते ऐकू येईल.