अंगोलाचें तेल आणि अंगोलाचीं माणसें

एखादा देश श्रीमंत झाला, म्हणजे नेमकें काय झालें? वर्तमानपत्रांत आंकडे येतात : अमक्या देशाचें राष्ट्रीय उत्पन्न इतक्या टक्क्यांनीं वाढलें, दरडोई उत्पन्न दुप्पट झालें. आंकडा खोटा नसतो. पण पंक्तीला दहा पानें मांडलीं, एकाच पानावर वीस जिलब्या वाढल्या आणि बाकीचीं नऊ पानें कोरडीं राहिलीं, तरी माणशीं दोन जिलब्या झाल्या हा हिशेब बिनचूक लागतो. अशा बिनचूक हिशेबाचें खरें स्वरूप पाहावयाचें असेल तर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अंगोला या देशाकडे पाहावें.

अंगोला हा विस्तारानें महाराष्ट्राच्या सुमारें चौपट आहे. लोकसंख्या मात्र साडेतीन कोटींच्या थोडीशी वर. समुद्राच्या पोटांत खनिज तेल, ईशान्येकडील लुंडा प्रांतांत हिरे, उत्तरेच्या डोंगरांत कॉफीला मानवणारी हवा, आणि बारमाही नद्या. निसर्गानें हात आंखडता घेतला असें कोणीहि म्हणणार नाहीं. गोमंतकांतील वडीलधाऱ्या मंडळींना लुआंडा या राजधानीचें नांव अपरिचित नसेल, कारण दोन्ही भूमींवर एकाच लिस्बनची सत्ता होती. १९६१ च्या फेब्रुवारींत लुआंडामध्यें पोर्तुगिजांविरुद्ध उठाव झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला. अंगोलाला मात्र आणखी चौदा वर्षें लढावें लागलें. ११ नोव्हेंबर १९७५ रोजीं तो स्वतंत्र झाला, तो यादवी युद्धाच्या आगींतच.

तें युद्ध, मधले कांहीं विराम सोडले तर, सत्तावीस वर्षें चाललें. एका बाजूला सत्ताधारी एम्.पी.एल्.ए. पक्ष, त्याच्या पाठीशीं सोव्हिएत रशिया आणि क्यूबा; दुसऱ्या बाजूला जोनास साविंबी यांची युनिटा संघटना, तिच्या पाठीशीं दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका. यांत तेलानें एक विलक्षण देखावा उभा केला. काबिंडा प्रांतांतील तेलविहिरी अमेरिकेच्या गल्फ कंपनीच्या होत्या आणि त्यांचें रक्षण करीत होते क्यूबाचे साम्यवादी सैनिक! अमेरिकन कंपनीनें भरलेल्या रॉयल्टीवर सरकारचें सैन्य पोसलें जाई, आणि तें सैन्य अमेरिकेनेंच मदत दिलेल्या बंडखोरांशीं लढे. पुढें बंडखोरांनीं हिऱ्यांच्या खाणी बळकावल्या. म्हणजे एका पक्षाला तेल, दुसऱ्याला हिरे. आणि शेतकऱ्याच्या वांट्याला शेतांत पेरलेले सुरुंग. फेब्रुवारी २००२ मध्यें साविंबी मारले गेले आणि ४ एप्रिल रोजीं तहावर सह्या झाल्या.

येथून पुढची कथा आंकड्यांत सांगावयाची तर ती एखाद्या विजयगाथेसारखी वाटते. तेलाचे भाव चढत होते, खोल समुद्रांत नवनवे सांठे सांपडत होते. २००८ च्या सुमारास रोजचें उत्पादन वीस लाख पिंपांच्या जवळ पोहोंचलें. २००२ सालीं देशाचें एकूण उत्पन्न पंधरा अब्ज डॉलरांच्या आसपास होतें; २०१४ सालीं तें सव्वाशें अब्जांच्या पलीकडे गेलें. जगांतील सर्वांत वेगानें वाढणाऱ्या देशांत अंगोलाची गणना होऊं लागली.

आतां हें उत्पन्न निर्माण कसें होतें तें पाहिलें पाहिजे, कारण सारा प्रश्न तेथेंच आहे. कापसाची गिरणी निघाली म्हणजे हजारों कामगार लागतात. कापूस पिकविणारा, गाडीवान, दुकानदार, सर्वांच्या हातांतून पैसा फिरतो. तेलाचें तसें नाहीं. अंगोलाचें तेल बहुतांशीं किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाखालून निघतें. यंत्रें परदेशांतून येतात, तज्ज्ञ परदेशांतून येतात, आणि तेल जहाजांत भरून तेथूनच चीन, भारत, युरोप अशा गिऱ्हाइकांकडे जातें. देशाच्या निर्यातीचा शेंकडा नव्वदांहून अधिक भाग ज्या धंद्यानें भरला, त्या धंद्यांत काम करणारे लोक कष्टकरी जनतेच्या शेंकडा एकाहून कमी. परदेशी कंपन्यांचा नफा बाहेर जातो. देशांत उरतो तो सरकारचा वांटा; आणि तो एकाच ठिकाणीं, म्हणजे सोनांगोल या सरकारी तेल कंपनीच्या दारीं, येऊन पडतो. म्हणून तेलाच्या देशांत ‘उत्पन्न किती?’ यापेक्षां ‘त्या दाराची किल्ली कोणापाशीं?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

ती किल्ली १९७९ पासून २०१७ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षें, राष्ट्राध्यक्ष जोझे एदुआर्दो दुस सांतुस यांच्यापाशीं होती. २०११ सालीं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबनिसांना आढळलें कीं, २००७ ते २०१० या चार वर्षांत सुमारें बत्तीस अब्ज डॉलरांचा सरकारी जमाखर्च जुळत नाहीं. पुढें त्यांतील बऱ्याच रकमेचा उलगडा झाला : सोनांगोलनें तो पैसा सरकारच्या वतीनें, पण अंदाजपत्रकाला बगल देऊन, परस्पर खर्च केला होता. पैसा चोरीस गेला नव्हता असें समजून घटकाभर समाधान मानावें, तरी ज्या राज्यांत इतका खर्च लोकप्रतिनिधींच्या नजरेआड होतो, तेथें लोकांनीं जाब कोणत्या कागदावरून विचारावयाचा? अध्यक्षांची कन्या इझाबेल यांना २०१३ सालीं ‘फोर्ब्स’ मासिकानें आफ्रिकेंतील पहिली अब्जाधीश स्त्री म्हणून जाहीर केलें. २०१६ सालीं पित्यानेंच त्यांना सोनांगोलच्या प्रमुखपदीं बसविलें. पुढल्या पिढ्यांसाठीं म्हणून पांच अब्ज डॉलरांचा राष्ट्रीय निधि काढला, त्यावर चिरंजीवांची नेमणूक झाली. २०१७ सालीं ज्वांव लोरेंसु अध्यक्ष झाल्यावर दोघांनाहि पदावरून दूर करण्यांत आलें आणि कन्येची मालमत्ता न्यायालयानें गोठविली. आपण कांहींहि गैर केलें नाहीं, हा सूडाचा प्रकार आहे, असें इझाबेल यांचें म्हणणें आहे.

पण केवळ अपहारावर बोट ठेवून भागणार नाहीं. सगळे कारभारी सज्जन असते तरीहि एक रोग राहिलाच असता. अर्थशास्त्रज्ञ त्याला ‘डच रोग’ म्हणतात, कारण हॉलंडमध्यें नैसर्गिक वायु सांपडल्यावर तेथील इतर कारखान्यांना जी उतरती कळा लागली, तीवरून हें नांव पडलें. तेलाचे डॉलर धो धो येऊं लागले कीं देशाचें चलन महाग होतें. मग बाहेरचा माल स्वस्त आणि घरचा माल महाग पडतो. १९७० च्या सुमारास अंगोला कॉफीच्या उत्पादनांत जगांत चौथ्या क्रमांकावर होता. वर्षाला दोन लाख टनांहून अधिक कॉफी निघे. (ती पिकविण्यांत सक्तीच्या मजुरीचा वांटा किती मोठा होता, हें विसरून पोर्तुगीज अमदानीचे गोडवे गाण्याचें मात्र कारण नाहीं.) युद्धानें ते मळे ओसाड पाडले. शांतता आल्यावर ते पुन्हां फुलावयाचे, तर तेलाच्या पैशानें बाहेरून सर्व कांहीं आणणें इतकें सोपें झालें कीं, कॉफीचें उत्पादन कांहीं हजार टनांच्या पलीकडे सरकेना. परदेशी नोकरदारांना राहण्यासाठीं जगांतील सर्वांत महाग शहर म्हणून लुआंडाचें नांव एकदां नव्हे, अनेकदां यादीच्या शिरोभागीं झळकलें.

त्याच लुआंडांत, उंच मनोऱ्यांच्या मागें, ‘मुसेक’ नांवाच्या वस्त्या मैलोगणती पसरलेल्या आहेत. किंबुंडू भाषेंतील या शब्दाचा अर्थ वाळूची जागा. डांबरी रस्ता जेथें संपतो आणि वाळू लागते, तेथून गरिबांचें शहर सुरू होतें. युद्धाच्या काळांत खेडीं सोडून आलेले लाखों लोक येथें राहिले ते राहिलेच. कित्येक घरांत नळ नाहीं. टँकरवाला नदीचें पाणी आणतो, ज्याच्या अंगणांत हौद आहे तो तें विकत घेतो आणि शेजाऱ्यांना बादलीच्या भावानें विकतो. सरकारी नळाचें पाणी ज्याच्या घरीं येतें त्या सुखवस्तु माणसापेक्षां मुसेकमधील मोलकरीण एका घागरीला कितीतरी पट अधिक पैसे मोजते.

राज्यकर्त्यांनीं कांहींच केलें नाहीं असें मात्र नाहीं, आणि न्यायाच्या दृष्टीनें तेंहि सांगितलें पाहिजे. रस्ते आणि पूल पुन्हां बांधले गेले. क्वांझा नदीवर लाउका येथें दोन हजार मेगावॅटांहून अधिक क्षमतेचें वीजकेंद्र उभें राहिलें. लोबिटो बंदरापासून काँगोच्या सरहद्दीपर्यंत जाणारा, युद्धांत उखडला गेलेला बेंगेला लोहमार्ग चिनी कंपनीनें नव्यानें टाकला. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, २००० सालाच्या सुमारास जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं दोनशेंच्या आसपास मुलें पांच वर्षांचीं होण्यापूर्वींच दगावत. वीस वर्षांनीं हा आंकडा सत्तरीच्या घरांत आला. हा लाभ खराच आहे. मात्र त्याचें श्रेय तेलाला द्यावें कीं बंदुका थांबल्या त्याला, हें निवडणें कठीण. तेलाचा थेंबहि नसलेल्या कित्येक आफ्रिकी देशांनीं याच काळांत असाच पल्ला गांठला आहे.

कोणत्या कामाला आधीं हात घातला, यावरून कारभाऱ्याचें मन कळतें. लुआंडाच्या दक्षिणेस किलांबा नांवाचें आखीव नगर चिनी कंपनीनें बांधलें. २०११ सालीं त्याचें उद्घाटन झालें. पण घरांच्या किंमती लाख-सव्वा लाख डॉलरांपासून पुढें! नव्या कोऱ्या इमारती रिकाम्या उभ्या राहिल्या आणि मुसेकमधील माणूस लांबून त्यांच्याकडे पाहत राहिला. २०१३ सालीं किंमती बऱ्याच उतरविल्या, हप्त्यांची सोय केली, तेव्हां तीं घरें भरलीं. तींहि मुख्यत्वें सरकारी नोकरदारांनीं. दुसरीकडे कचरा उचलण्याचा खर्च २०१५ मध्यें, तेलाचा भाव कोसळतांच, हात आंखडून केला गेला. गल्लोगल्लीं ढीग सांचले, डांस माजले, आणि २०१६ सालीं लुआंडांत पिवळ्या तापाची मोठी सांथ आली.

तेलाचा भाव पडल्यावर त्या विजयगाथेंतील हवाच गेली. २०१६ पासून २०२० पर्यंत सलग पांच वर्षें उत्पन्न घटत गेलें. २०१८-१९ च्या सरकारी पाहणींत दहांपैकीं चार माणसें दारिद्र्यरेषेखालीं आढळलीं. खेड्यांत तर निम्म्याहून अधिक. याच खंडांतील बोट्स्वाना या देशानें स्वातंत्र्य मिळतांच खनिजें राष्ट्राच्या मालकीचीं केलीं, हिऱ्यांच्या कंपनींत निम्मा वांटा मिळविला, आणि १९९४ सालीं बचतीचा निधि उभारून शाळा-दवाखान्यांवर पैसा लावला. तेथेंहि विषमता मोठी आहे आणि हिऱ्यांची मागणी घसरल्यावर तो देश अडचणींत आला आहे. पण तेथील हिशेब संसदेपुढें येतो.

अंगोलाचें तेल आतां ओसरत आहे. २०२३ सालीं रोजचें उत्पादन अकरा लाख पिंपांच्या आसपास उतरलें होतें. २००२ नंतर लोकसंख्या मात्र दुप्पट झाली. तेलाच्या या देशांत तेलशुद्धीची सोय इतकी तोकडी राहिली कीं पेट्रोल आणि डिझेल बव्हंशीं परदेशांतून आणावें लागलें, आणि सरकार तें पदरमोड करून स्वस्त विकत आलें. तीच सवलत काढून घ्यावयास सुरुवात झाली. जुलै २०२५ मध्यें डिझेल तीनशें क्वांझांवरून चारशें झालें, टॅक्सीवाल्यांनीं गाड्या बंद ठेवल्या, लुआंडांत दुकानें लुटलीं गेलीं आणि सुमारें तीस माणसें प्राणास मुकलीं. २००० ते २०२० या काळांत चीनकडून घेतलेलीं कर्जेंच चाळीस अब्ज डॉलरांच्या वर आहेत. त्यांतील पुष्कळ कर्जांच्या फेडीसाठीं तेल तारण आहे. अलीकडच्या अंदाजपत्रकांत कर्जफेडीची रक्कम शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही खात्यांच्या एकत्रित खर्चाहून मोठी असते. देशांतील निम्मे लोक अठरा वर्षांच्या आंतले आहेत. वीस लाख पिंपांचा तो भरभराटीचा काळ संपला तेव्हां त्यांतील बहुतेक जन्मलेहि नव्हते.