खाणीत चित्रं, टीव्हीवर कला!

इंग्लंडमधल्या सामान्य माणसाला चित्रांची गोडी लावणाऱ्यांत पहिलं नाव कलाइतिहासकार केनेथ क्लार्क (१९०३–१९८३) यांचं. त्यांच्याबद्दलच्या या काही भन्नाट गोष्टी.

◆ दोऱ्याची श्रीमंती : घराणं मूळ स्कॉटलंडमधल्या पेस्लीचं, धंदा शिवणाच्या दोऱ्याचा. गिरणीचं नाव ‘अँकर मिल’. आपल्याकडे भरतकामाच्या डब्यात ‘अँकर’चे दोरे असतात ना? ते नाव तिथलंच!

◆ तिशीत संचालक : १९३४ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीची सूत्रं हाती घेतली, तेव्हा वय अवघं ३०. त्यांनी विजेचे दिवे बसवून गॅलरी संध्याकाळीही खुली केली. फुटबॉलच्या एफए कपच्या अंतिम सामन्यासाठी बाहेरगावचे लोक लंडनला येणार म्हणून त्या दिवशी दारं दोन तास आधी उघडली!

◆ राजा आला दारी : राजघराण्याच्या चित्रसंग्रहाची जबाबदारी क्लार्कना नको होती. मग त्यांचं मन वळवायला पंचम जॉर्ज स्वतः गॅलरीत आले.

◆ चित्रं निघाली खाणीत : दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवण्यासाठी गॅलरीतली चित्रं १९४१ मध्ये वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली. व्हॅन डाइकचं घोड्यावरच्या पहिल्या चार्ल्सचं चित्र एवढं प्रचंड, की ते रेल्वेच्या पुलाखालून जाईना. शेवटी पुलाखालचा रस्ताच खणून खोल केला!

◆ एका चित्रासाठी रांगा : रिकाम्या गॅलरीत पियानोवादक मायरा हेस यांनी दुपारच्या मैफली सुरू केल्या, तिकीट एक शिलिंग. १९४२ पासून दर महिन्याला खाणीतून एकच चित्र यायचं आणि बॉम्बच्या सावटातही लोक ते बघायला लोटायचे.

◆ रंगीत टीव्हीचा मुहूर्त : बीबीसी टू वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड ॲटनबरो यांना रंगीत टीव्हीवर शोभेल अशी मालिका हवी होती. त्यातून १९६९ मध्ये क्लार्क यांनी सादर केलेली १३ भागांची ‘सिव्हिलायझेशन’ आली. पौर्वात्य कला तिच्यात नाही, हे तिचं मोठं न्यून. तरीही मालिका गाजली, तिच्यावरचं पुस्तकही धडाक्यात खपलं. वॉशिंग्टनमध्ये चाहत्यांच्या जयघोषाने क्लार्कना रडूच कोसळलं.

◆ संत्र्याचा वास : ‘लुकिंग ॲट पिक्चर्स’ (१९६०) या पुस्तकात त्यांनी निवडली फक्त १६ चित्रं. चित्राचा निव्वळ आनंद संत्र्याच्या वासाइतकाच टिकतो, असं ते सांगतात. मग चित्रकाराची माहिती आठवायची आणि ताज्या नजरेने पुन्हा बघायचं.

पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, तर हा प्रयोग एका तरी चित्रावर नक्की करून पाहा!