लर्निंग लायसन्सची परीक्षा : चित्राआधी आकार पाहा

आरटीओच्या शिकाऊ परवान्याच्या चाचणीत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. अनेक जण चिन्हांची चित्रे पाठ करतात आणि तिथेच फसतात. लाल कडेच्या वर्तुळात तिरप्या रेषेने कापलेला हॉर्न म्हणजे ‘वाजवू नका’. निळ्या वर्तुळात तोच हॉर्न म्हणजे ‘वाजवाच’!

आकार काय सांगतो?
• वर्तुळ : आदेश. मोडला तर दंड.
• लाल कडेचा त्रिकोण : पुढचा धोका. वळण, शाळा, अरुंद पूल.
• निळा आयत : माहिती. पेट्रोल पंप, रुग्णालय.
• वेगळे आदेश : ‘थांबा’ अष्टकोनी, ‘रस्ता द्या’ उलटा त्रिकोण.

रस्त्यावरचे पट्टे
तुटक पांढरी रेषा समोरचा रस्ता मोकळा असेल तर ओलांडता येते. सलग पिवळी रेषा ओलांडायची नाही. झेब्रा क्रॉसिंगआधीची आडवी रेषा ही थांबरेषा. गाडी तिच्या अलीकडेच थांबवा.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तोवर रोजच्या वाटेवरचे प्रत्येक चिन्ह ओळखत जा. परीक्षा एकदाच असते, रस्ता रोजचा.